बीओटीचा करारनामा सभेपुढे येतो तेव्हा

महापालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढे बीओटीचा, म्हणजे ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या तत्त्वावरील खासगी भागीदारीचा विषय येतो, तेव्हा गोषवारा दोन-तीन पानांचा असतो आणि करारनामा शेकडो पानांचा. नगरसेवकाने केवळ गोषवाऱ्यावर मत देऊ नये. विषय ऐनवेळी मांडला असेल, तर तो तहकूब ठेवण्याची मागणी करून मसुदा परिशिष्टांसह मागवावा.

वाचनाची सुरुवात परिशिष्टांपासून करावी, कारण कामाची खरी व्याप्ती तेथेच असते. कोल्हापुरात सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांसाठी ३० वर्षांची टोलवसुली ठरली होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, तेव्हा कामे अपुरी आणि निकृष्ट असल्याचा नागरिकांचा आक्षेप होता. दीर्घ आंदोलनानंतर सरकारने टोल रद्द केला, पण झालेल्या कामाचे मूल्य किती धरायचे, हा वाद राहिलाच. म्हणून ‘रस्ता’ या शब्दात गटार, पदपथ, पथदिवे आणि जमिनीखालच्या जलवाहिन्या हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे ओळीओळीने तपासावे. वसुली पूर्णत्वाच्या दाखल्यावर सुरू होणार की तात्पुरत्या, हेही पाहावे. तात्पुरत्या दाखल्यासोबतची ‘उर्वरित कामांची यादी’ मुदत आणि दंड यांवाचून निव्वळ कागद ठरते.

त्यानंतर करार संपुष्टात आणण्याचे कलम काढावे. राष्ट्रीय महामार्गांच्या आदर्श करारनाम्यात कसूर प्राधिकरणाची, म्हणजे सरकारी बाजूची, असल्यास कंपनीला थकीत कर्जाबरोबर समायोजित भागभांडवलाच्या (कराराच्या सूत्रानुसार वेळोवेळी फेरमोजलेल्या मालकांच्या स्वतःच्या गुंतवणुकीच्या) १५० टक्के रक्कम द्यावी लागते. असे सूत्र पालिकेच्या मसुद्यात उतरले असेल, तर लेखा विभागाकडून पाचव्या आणि दहाव्या वर्षाचा आकडा लेखी मागवावा. बहुतेक वेळा तो कोणी काढलेलाच नसतो.

पाणीपुरवठ्यात दरवाढीचे सूत्र आणि आजच्या गळतीची मोजणी या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. औरंगाबाद महापालिकेने खासगी कंपनीशी केलेला पाणीपुरवठ्याचा ‘समांतर जलवाहिनी’ करार २०१६ मध्ये रद्द केला आणि शहरासाठी पुढे नवी योजना आखावी लागली.

देखरेखीच्या स्वतंत्र अभियंत्याला कोण नेमतो आणि त्याचे मानधन कोण देतो, हे एका वाक्यात विचारावे. मसुदा ‘व्यापारी गोपनीयता’ म्हणून नाकारला, तर माहिती अधिकाराच्या अर्जात व्यापक जनहिताचा मुद्दा स्पष्ट लिहावा आणि करारनाम्यासह परिशिष्टे, पूरक करार व अभियंत्याचे मासिक अहवाल नावानिशी मागावेत.