अंतराळवीरांचा स्मृतिदिन कसा पाळावा

अंतराळ मोहिमांमध्ये प्राण गमावलेल्यांना शाळेत, महाविद्यालयात किंवा एखाद्या खगोलमंडळात आदरांजली वाहायची असेल, तर प्रतिमापूजन, दोन मिनिटांचे मौन आणि अध्यक्षीय भाषण एवढ्यावर कार्यक्रम आटोपू नये. ही माणसे कोण होती, ती कशामुळे गेली आणि त्यांच्यानंतर नेमके काय बदलले, या तीन गोष्टी खऱ्या आणि तपशिलाने सांगितल्या, तरच त्यांचा मान राखला जातो.

तारीख ठरवणे फारसे अवघड नाही. अमेरिकेच्या तिन्ही मोठ्या अपघातांच्या तारखा जानेवारीअखेरच्या सहा दिवसांच्या अंतरात येतात: अपोलो १ ची आग २७ जानेवारी १९६७ रोजी लागली, चॅलेंजर हे यान २८ जानेवारी १९८६ रोजी कोसळले आणि कोलंबिया हे यान १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर तुटले. त्यामुळे नासाचा स्मृतिदिनही जानेवारीच्या उत्तरार्धातच असतो. मात्र सोव्हिएत अंतराळवीरांना त्यात विसरू नये. व्लादिमीर कोमारोव्ह २४ एप्रिल १९६७ रोजी सोयूझ १ चे पॅराशूट नीट न उघडल्याने गेले, तर सोयूझ ११ मधील दोब्रोवोल्स्की, वोल्कोव्ह आणि पात्सायेव्ह यांचा ३० जून १९७१ रोजी अंत झाला.

नावे वाचताना ती सगळी आणि पूर्ण वाचावीत. आपल्याकडे कोलंबियाचा उल्लेख निघाला की कल्पना चावला यांचेच नाव घेतले जाते आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. पण त्याच यानात रिक हजबंड, विल्यम मॅककूल, मायकल अँडरसन, डेव्हिड ब्राउन, लॉरेल क्लार्क आणि इलान रामोन हेही होते. उच्चार आधी तपासून घ्यावेत. सरावात गेलेल्यांनाही यादीत स्थान द्यावे. व्हालेंटिन बोंदारेन्को मार्च १९६१ मध्ये प्राणवायूचे प्रमाण वाढवलेल्या बंद कक्षात लागलेल्या आगीत दगावले आणि ही गोष्ट सोव्हिएत सरकारने सुमारे पंचवीस वर्षे जगापासून लपवून ठेवली. १९७१ च्या ऑगस्टमध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ॲल्युमिनियमची एक छोटी मानवाकृती आणि दिवंगत अंतराळवीरांच्या चौदा नावांची पट्टी ठेवली, तेव्हा त्या पट्टीवर बोंदारेन्को यांचे नाव नव्हते, कारण त्यांच्या मृत्यूची बातमीच बाहेर आलेली नव्हती. यादी करणाऱ्याने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

कार्यक्रमाचा सर्वाधिक वेळ अपघाताच्या कारणांना द्यावा. बहुतेक ठिकाणी हाच भाग गाळला जातो, म्हणून आग्रहाने सांगतो. चॅलेंजरची हकिकत यासाठी सर्वांत उपयुक्त आहे. घन इंधनाच्या अग्निबाणाचे भाग जेथे जोडले जातात, तेथे उष्ण वायू बाहेर येऊ नये म्हणून रबराची कडी बसवलेली असतात. उड्डाणाच्या आदल्या रात्री अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी, इतक्या थंडीत ही कडी काम करतील याची खात्री नाही, असे सांगून उड्डाण पुढे ढकलण्याची शिफारस केली होती. ती बाजूला सारली गेली. सकाळी तापमान सुमारे २ अंश सेल्सियस होते आणि उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान तुटले आणि सातही जण गेले. चौकशी आयोगाच्या जाहीर सुनावणीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्याच रबराचा तुकडा शिकंजात दाबला, बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि बाहेर काढून शिकंजा सैल केला. तुकडा लगेच मूळ आकारात आला नाही. एवढा प्रसंग नीट सांगितला, तर श्रोत्यांना अपघातही कळतो आणि धोक्याची सूचना वेळेवर ऐकणे म्हणजे काय, तेही कळते.

बाकीची कारणे थोडक्यात सांगता येतील. अपोलो १ मध्ये दाबाखालचा शुद्ध प्राणवायू आणि आत उघडणारे दार घातक ठरले. त्यानंतर बाहेर झटकन उघडणारे दार आले आणि उड्डाणतळावर यानात प्राणवायूबरोबर नायट्रोजन भरला जाऊ लागला. सोयूझ ११ ची हवा एक झडप अकाली उघडल्याने निघून गेली आणि आतील तिघांच्या अंगावर दाब-पोशाख नव्हते. पुढे ते सक्तीचे झाले. कोलंबियाच्या डाव्या पंखावर उड्डाणाच्या वेळीच इंधनटाकीवरील आवरणाच्या फोमचा तुकडा आदळला होता, आणि चौकशी मंडळाने त्या फोमइतकाच दोष नासाच्या कार्यसंस्कृतीला दिला.

स्फोटाची चित्रफीत पडद्यावर पुन्हा पुन्हा दाखवू नये. मृतांच्या तोंडी घातलेले अखेरचे संवाद समाजमाध्यमांवर फिरत असतात, तेही वाचू नयेत.

अंतराळ कार्यक्रमाचे राष्ट्रीय मोल हा विषय श्रद्धांजलीनंतर, वेगळ्या सत्रात घ्यावा. पैसा दुसरीकडे खर्च करायला नको का, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, आणि तो विचारणाऱ्याला गप्प करणे योग्य नाही. उत्तर देताना मानवरहित आणि मानवी मोहिमांचे लाभ एकमेकांत मिसळू नयेत. हवामानाचे निरीक्षण उपग्रह करतात, त्यासाठी माणूस पाठवावा लागत नाही. भारताने सप्टेंबर २००२ मध्ये सोडलेल्या अशाच मेटसॅट उपग्रहाला कोलंबियाच्या अपघातानंतर कल्पना-१ हे नाव देण्यात आले, आणि राष्ट्राने केलेला हा सन्मान मला फार समर्पक वाटतो, कारण ते नाव रोजच्या उपयोगाच्या कामाशी जोडले गेले. मानवी मोहिमेचे मोल सांगायचे तर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी कक्षेत जाऊन केलेली हबल दुर्बिणीची दुरुस्ती सांगावी. कोलंबियाच्या अवशेषांत सापडलेल्या एका होरपळलेल्या हार्ड डिस्कमधून झेनॉन वायूच्या प्रयोगाची बहुतेक माहिती परत मिळवण्यात आली आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, हेही अवश्य सांगावे.

विद्यार्थी असतील तर त्यांच्या हाताला काम द्यावे. चॅलेंजरमधील शिक्षिका क्रिस्टा मॅकऑलिफ अंतराळातून काही पाठ घेणार होत्या. ते राहून गेले. त्यांपैकी काही पाठ २०१८ मध्ये जो अकाबा आणि रिकी अर्नोल्ड या शिक्षक-अंतराळवीरांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पूर्ण केले. त्यांतला शाईचे रंग वेगळे करण्याचा पाठ वर्गात सहज होतो: गाळण-कागदाच्या पट्टीवर काळ्या स्केच पेनाचा ठिपका द्यावा, पट्टीचे टोक पाण्यात बुडवावे, ठिपका मात्र पाण्याच्या वर राहील याची काळजी घ्यावी, आणि पाणी वर चढत असताना विद्यार्थ्यांना एकेक रंग टिपून ठेवायला सांगावे.