कचरा कमी करताना या चुका टाळा: बहुतेक घोळ ओलाव्याचा

दोन वेगळे डबे असूनही सुक्या कचऱ्याला वास येत असेल, तर वर्गीकरण झालेलं नाही. वास कागदाला नसतो, पुठ्ठ्यालाही नसतो. त्यात कुठेतरी अर्धवट भरलेला कप, न निथळलेली बाटली किंवा खरकटं लागलेलं वेष्टण गेलेलं असतं. घरचं कंपोस्ट बिघडणं, फ्रिजमधली भाजी सडणं, कार्यालयातला चांगला कागद वाया जाणं ही दुखणी वेगवेगळी वाटतात. पण त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा ओलावाच असतो: नको तिथे आलेला किंवा नको तितका झालेला.

न मोजता डबे विकत आणणं

कचरा कमी करायचा म्हणून सुरुवातीलाच नवी भांडी, नवे डबे, नव्या पिशव्या आणल्या जातात. त्याआधी एक आठवडा नुसतं मोजा. साधा वजनकाटा घ्या आणि रोज ठरलेल्या वेळी तीन वजनं लिहा: ओला, सुका आणि उरलेला. कार्यालयात सुट्ट्यांचा किंवा मोठ्या बैठकीचा आठवडा टाळा. आठवड्यातून एकदा हातमोजे घालून सुका कचरा जुन्या चादरीवर पसरा आणि नगही मोजा. प्लास्टिक हलकं असतं, त्यामुळे वजनात ते दिसतच नाही आणि डबा मात्र त्यानेच भरलेला असतो. वजनात ओला कचरा पुढे निघाला तर नवल नाही, कारण भाज्या-फळांत बहुतांश पाणीच असतं. मग पहिलं काम स्वयंपाकघरात आहे.

धुतलेली भाजी ओलीच फ्रिजमध्ये

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभर सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा घरांचा होता. पालेभाजी धुऊन तशीच पिशवीत बांधली की पानांवरच्या पाण्यात ती दोन दिवसांत चिकट होते. धुवायचीच असेल तर पूर्ण कोरडी करा आणि डब्यात कोरडं फडकं घालून ठेवा. फडकं ओलसर झालं की बदला. पिकणारी सफरचंदं आणि केळी इथिलीन वायू सोडतात. त्यांच्या शेजारची पानं लवकर पिवळी पडतात, म्हणून ही फळं वेगळी ठेवा. फ्रिजचं तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवं. आत ठासून भरलं की हवा फिरत नाही आणि मधला भाग गार होत नाही.

पाकिटावरची तारीख वाचण्यातही गफलत होते. ‘बेस्ट बिफोर’ ही चव आणि दर्जाची तारीख आहे. ती उलटली म्हणून नीट साठवलेला कोरडा माल फेकायची गरज नसते. ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची तारीख आहे, ती मात्र पाळा.

कंपोस्टमध्ये सुकं कमी पडणं

बहुतेक घरगुती प्रयोग इथेच बंद पडतात, आणि वाईट याचं वाटतं की उपाय अगदी सोपा असतो. सूक्ष्मजीवांना कार्बन (तो मुख्यतः सुक्यातून मिळतो) आणि नायट्रोजन (तो ओल्यातून) साधारण २५ ते ३० ला १ या प्रमाणात लागतात. घरच्या भाषेत, एक वाटी ओल्या कचऱ्याला किमान दोन वाट्या सुकं: पालापाचोळा, लाकडाचा भुसा, फाडलेला साधा पुठ्ठा. लोक ओलं रोज घालतात आणि सुकं आठवेल तेव्हा. म्हणून सुक्याचा डबा कंपोस्टच्या अगदी शेजारी ठेवा. तो दुसऱ्या खोलीत असेल तर आठवडाभरात विसर पडतो.

२० ते ३० लिटरचं पिंप असेल तर बाजूंना आणि तळाला भोकं पाडा. तळाशी ५ ते ७ सेंटीमीटर जाड काड्यांचा थर द्या आणि खाली ताट ठेवा. ओला कचरा २-३ सेंटीमीटरचे तुकडे करून घाला, वर लगेच ३-४ सेंटीमीटर सुकं पसरा. दर तीन-चार दिवसांनी तळापासून हलवा. मूठभर मिश्रण घट्ट दाबलं की जेमतेम एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर जास्त ओलं आहे, आणि मूठ उघडताच भुगा झाला तर फार कोरडं.

बिघाड नाकाने ओळखता येतो. सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा नाही: सगळं उपसा, सुकं मिसळा, भोकं बुजली आहेत का बघा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे नायट्रोजन जास्त झालाय: भुसा किंवा पुठ्ठा घाला. चिलटं दिसली तर वरचा सुका थर पातळ पडला आहे. पांढरी बुरशी मात्र बिघाड नाही, ती आपलं काम करते आहे. पिंप गरम होत नाही ही तक्रारही सोडून द्या. उष्णता धरून ठेवायला साधारण एक घनमीटरचा ढीग लागतो. म्हणूनच लहान पिंपात तणाचं बी किंवा रोगट झाडं घालू नका, ते बी आणि रोगाचे जंतू तिथे मरत नाहीत.

खत काळं दिसलं की कुंडीत घालायची घाई होते. आधी ओलसर खत पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून दोन-तीन आठवडे थांबा. कच्चं खत मातीतला नायट्रोजन ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात.

‘कंपोस्टेबल’ छापलेल्या पीएलएच्या (वनस्पतींपासून बनवलेल्या प्लास्टिकच्या) पिशव्या आणि कप या पिंपात कुजत नाहीत. त्यांना औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातली सुमारे ६० अंशांची उष्णता लागते.

चिन्ह दिसलं की सुक्यात टाकणं

प्लास्टिकवरच्या त्रिकोणातला १ ते ७ हा आकडा कोणतं प्लास्टिक आहे एवढंच सांगतो. ते तुमच्याकडे घेतलं जातं की नाही, हे तो सांगत नाही. कचरा नेणाऱ्यांना एकदा विचारा आणि ती यादी डब्यावर लावा. कागदी कपाला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. बिलाची गुळगुळीत पावती रसायन लावलेल्या थर्मल कागदाची असते. उष्णतारोधक काचेचं भांडं बाटलीच्या काचेबरोबर वितळत नाही. काळं प्लास्टिक वर्गीकरण यंत्रांतल्या अवरक्त किरणांना बहुधा दिसतच नाही. हे सगळं आशेने सुक्यात टाकलं की चांगला मालही नाकारला जातो.

डबे घासून लख्ख करायची गरज नाही. भांडी धुऊन उरलेल्या पाण्यात एकदा खळखळवा, पालथे घाला, रात्रभर उघडे ठेवा. बंद झाकणाखाली अडकलेलं पाणी शेजारचा सगळा कागद भिजवतं. कागदाचा एकच धागा पाच ते सात वेळा पुन्हा वापरता येतो, पण तेल लागलं की ती साखळी तिथेच तुटते. तेलकट पुठ्ठा फाडून कोरडा भाग ठेवा.

बॅटऱ्या सुक्या कचऱ्यात कधीच नकोत. लिथियम बॅटरी कचरागाडीत दाबली गेली की पेट घेऊ शकते. टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या डब्यात जमवा आणि संकलन केंद्रावर द्या.

कार्यालयात प्रत्येक टेबलाखाली डबा

टेबलाखालच्या डब्यात सगळं एकत्र पडतं, कारण उठावं लागत नाही. ते डबे काढा आणि ठरावीक ठिकाणी जोडीने ठेवा. एकटा डबा कुठेच नको, नाहीतर तोच सर्वांचा कचरा गिळतो. कागदाच्या डब्याच्या झाकणाला चपटी फट ठेवा, बाटल्यांच्या डब्याला गोल भोक. सूचनेवर शब्दांपेक्षा तुमच्याच कार्यालयातल्या वस्तूंचे फोटो लावा. आणि शेजारी उरलेला चहा-पाणी ओतायची एक बादली ठेवाच. अर्धा कप चहा अख्खी पिशवीभर कागद नासवतो.

इतकं करूनही वर्गीकरण होत नसेल तर सफाईची ढकलगाडी बघा. तिला एकच पिशवी अडकवलेली असेल, तर दिवसभर वेगळं केलेलं संध्याकाळी एक होतं. दोष सफाई कर्मचाऱ्यांचा नसतो, त्यांना दुसरी पिशवी कुणी दिलेलीच नसते. आराखडा ठरवताना त्यांना बैठकीत बसवा. कुठला डबा रोज ओला निघतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

प्रिंटरची मूळ मांडणी दोन्ही बाजूंनी छापण्याची करा. ‘टोनर कमी’ असं दिसताच तो बदलू नका, छपाई फिकी होईपर्यंत वापरा. चिनीमातीचे कप आणण्याआधी ते धुवायची जागा आणि कोण धुणार हे ठरवा, नाहीतर महिनाभरात कागदी कप परत येतात. कार्यक्रमांत कापडी पिशव्या वाटणंही थांबवा. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात साधी सुती पिशवी फक्त हवामानावरच्या परिणामाच्या हिशेबात किमान ५२ वेळा वापरावी लागते असं दिसलं, तेव्हा ती साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. इतर परिणाम धरले तर हा आकडा हजारांत जातो. आहे तीच पिशवी दाराच्या खुंटीला अडकवा.

महिन्याने तोच काटा काढून पुन्हा एक आठवडा मोजा. ओल्याचं वजन घटलं पण सुक्याचं वाढलं, तर आधी सुका कचरा उन्हात पसरून पुन्हा तोला. वजन उतरलं तर वाढ पाण्याची होती: निथळण्याची जागा आणि ओतायची बादली तपासा. उतरलं नाही तर नग मोजा, सर्वांत जास्त भरलेली एकच वस्तू निवडा आणि पुढचा महिना तेवढीच कमी करा.