सिंकचा नळ बदलताय? आधी वॉशर आणा

बादली, फडकं, बॅटरी, टेफ्लॉन टेप हे सांगायला नको. पाने मात्र दोन घ्या. एकाने अँगल कॉक, म्हणजे सिंकखाली भिंतीतून बाहेर आलेला छोटा कॉक, धरायचा, दुसऱ्याने त्याला जोडलेल्या, नळाला पाणी नेणाऱ्या कनेक्शन पाइपचा नट सोडवायचा. एकाच पान्याने जोर लावला की कॉकच फिरतो आणि भिंतीच्या आतला जोड गळायला लागतो. जुन्या अँगल कॉकवर विसंबू नका, गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्हच बंद करा.

आता वॉशर. मागच्या वेळी हेच आणायचं राहिलं होतं. नळ सिंकवरच बसवलेला असेल, तर खालच्या नटापर्यंत हात जायला वेस्ट पाइप (सांडपाण्याचा पाइप) आणि बॉटल ट्रॅप (त्यातला पाणी धरून ठेवणारा बाटलीसारखा भाग) बहुतेक वेळा काढावाच लागतो. त्यांच्या जोडातला जुना रबर वॉशर एकाच जागी दबून कडक झालेला असतो. एकदा हलवला की तो परत बसत नाही. म्हणून वॉशर नवेच आणा: सिंकच्या जाळीखालच्या कपलिंगचा (जाळीला वेस्ट पाइप जोडणाऱ्या भागाचा) जाड चपटा आणि पाइपच्या जोडाचे निमुळते, प्रत्येकी एक जास्तीचा. वेस्ट पाइप ३२ किंवा ४० मिलिमीटरचा असतो. अंदाजाने आणू नका, जुना वॉशर खिशात घालूनच कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या बाजारात जा. आणि सकाळीच जा. रात्री सिंक उघडं पडलं आणि वॉशर नाही, तर दुकानं उघडेपर्यंत भांडी तशीच राहतात.

वॉशरऐवजी टेफ्लॉन गुंडाळून चालत नाही. या जोडात पाणी आटे अडवत नाहीत, रबर अडवतो. नट आणखी आवळूनही उपयोग नाही, प्लास्टिकचा नट तडकतो. निमुळत्या वॉशरची निमुळती बाजू ट्रॅपकडे, सपाट बाजू नटाकडे. उलटा बसला तर नवा वॉशरही गळतो.

कपलिंगचा नट खालून आवळताना वरची जाळी दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा, नाहीतर रबर पिळवटतो. तांबड्या रश्श्याचं तेल ट्रॅपच्या आत थिजलेलं असतं. उघडलाच आहे तर गरम पाण्याने धुऊन घ्या.

नळ बसवणं सोपं आहे. कनेक्शन पाइपच्या नटात रबर असतो, तिथे टेप नको. सिलिकॉन लावलं तर २४ तास हात लावू नका.

नुसता नळ सोडून गळती कळत नाही. बूच लावून सिंक भरा, एकदम सोडा, प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवा. ओला झाला तर वॉशर बघा, आधी वॉशरच. रात्री खाली ‘पुढारी’चं जुनं पान पसरून ठेवा, सकाळी डाग आहे का बघा.