डब्यावरचं नाव पाहून फसले, आता कोड बघते

मुलीची पहिली पावलं ज्या डीव्हीडीवर होती, ती शेवटच्या दहा मिनिटांत अडकायला लागली आणि माझ्या पोटात गोळाच आला. रेकॉर्डिंग आतून बाहेर जातं, म्हणून शेवट कडेला असतो आणि बऱ्याचदा कडच आधी दगा देते. कॅमेऱ्याची मूळ टेप जपून ठेवली होती, म्हणून वाचले.

मग कळलं, कोऱ्या डीव्हीडींच्या डब्यावरची कंपनी आणि चकती बनवणारा कारखाना वेगळे असू शकतात. निर्मात्याचा कोड चकतीवरच नोंदलेला असतो. तो संगणकावर मोफत सॉफ्टवेअरने वाचता येतो. आता आधी मोजक्याच चकत्या घेते, कोड बघते, एक भरून पडताळून पाहते, मगच मोठा डबा. खास आठवणींसाठी एम-डिस्क, म्हणजे दीर्घकाळ टिकावी म्हणून बनवलेली चकती. तिच्यात नेहमीच्या चकतीतल्या सेंद्रिय रंगाऐवजी असेंद्रिय थर असतो, पण ती लिहायला तसाच ड्राइव्ह लागतो.

१६ एक्स वेगाची चकतीही मी ८ एक्स वेगावरच भरते आणि ४.७ जीबी काठोकाठ भरत नाही. चिकट कागदी लेबल तर नकोच! नाव पाण्यावर आधारित शाईच्या मार्करने लिहिते. चकत्या उभ्या, अंधारात ठेवते.

त्या टेपवरून पुन्हा दोन प्रती केल्या. एक माझ्याकडे, एक आईकडे.