हौशी बोटीसाठी अग्निशामक निवडताना

गेटवे आणि मांडवा यांच्या मधोमध बोटीच्या इंजिनाने पेट घेतला, तर अग्निशमन दलाची गाडी तिथवर येऊ शकत नाही आणि जिना उतरून बाहेर पळण्याचीही सोय नसते. दुसरी बोट जवळ येईपर्यंत जे करायचे ते हाताशी असलेल्या एक-दोन अग्निशामक सिलिंडरांनीच करावे लागते. तरीही आपल्याकडचा हौशी बोटमालक दुकानात जाऊन ‘दोन किलोचे एक द्या’ असे कांदे-बटाटे घेतल्यासारखे सांगतो आणि मिळेल ते सिलिंडर सीटखाली ढकलून देतो. माझ्या मते वजन हा शेवटचा प्रश्न आहे. माझ्या बोटीत आग लागली तर ती कुठे लागेल, हा पहिला आणि त्या क्षणी मी कुठे उभा असेन, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक बोटींत इंधनापाशी किंवा वायरिंगपाशी सापडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती वर उडून न जाता बोटीच्या तळाशी साचते, आणि स्टार्टरची एक ठिणगी तिला पुरते. डिझेल इतके चटकन पेट घेत नाही, पण फुटलेल्या नळीतून त्याचा फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर पडला तर तेही पेटते. खाऱ्या हवेने गंजलेली वायरची जोडणी तापते, आणि केबिनमध्ये गॅसची शेगडी असेल तर तो गॅसही पेट्रोलच्या वाफेसारखाच खाली बसतो. फायबरची बोट स्वतःही जळते व तिचा धूर काळा आणि विषारी असतो. चहूबाजूंनी पाणी असले तरी ते पेट्रोल-डिझेलवर ओतू नये, कारण तेल पाण्यावर तरंगत आग घेऊन पसरते. गादी, दोर, लाकूड यांच्या आगीसाठी मात्र दोरी बांधलेली बादली उत्तम, आणि तिला रिफिल लागत नाही.

आपल्याकडील वर्गीकरणात ‘ए’ म्हणजे लाकूड-कापडासारखे घन पदार्थ, ‘बी’ म्हणजे ज्वालाग्राही द्रव आणि ‘सी’ म्हणजे ज्वालाग्राही वायू. अमेरिकेत ‘सी’ हे अक्षर वीजप्रवाह चालू असलेल्या उपकरणांच्या आगीसाठी वापरतात आणि वायू ‘बी’मध्येच धरतात. त्यामुळे परदेशातून आलेली जुनी बोट विकत घेतली असेल, तर तिच्यावरच्या सिलिंडरची अक्षरे आपल्या पद्धतीने वाचू नयेत. किती मोठी आग विझवता येते हे सांगणाऱ्या आकड्यांचेही तेच आहे. भारतीय प्रमाणानुसार ‘२१बी’ आणि अमेरिकी ‘२०-बी’ हे एकसारखे दिसले तरी त्यांची मोजमापे निरनिराळी आहेत. अमेरिकेत २० एप्रिल २०२२ पासून हौशी बोटींवरील पुन्हा न भरता येणारे सिलिंडर उत्पादनापासून १२ वर्षांनी बाद धरतात, तेव्हा बोटीबरोबर फुकट आलेल्या अशा सिलिंडरच्या बुडावरचे साल आधी पाहावे.

आता सिलिंडरच्या आत काय असावे, याकडे वळू. एबीसी पावडर हा सर्वसाधारण बोटीसाठी सर्वांत व्यवहार्य पर्याय आहे, कारण इंधन, गादी आणि वायरिंग या तिन्हींच्या आगीवर ती चालते. तिचा दोष आग विझल्यानंतर कळतो. त्यातले मोनोअमोनियम फॉस्फेट तापल्यावर वितळून चिकटते आणि मुंबईच्या दमट हवेत ॲल्युमिनियम व वायरिंग खाऊ लागते, म्हणून वापरानंतर त्याच दिवशी सारे स्वच्छ करावे लागते. कार्बन डायऑक्साइड मागे काही ठेवत नाही. मात्र उघड्या डेकवर वारा त्याला उडवून नेतो आणि बंद केबिनमध्ये तो माणसालाच गुदमरवतो. शिवाय या सिलिंडरला दाबाचा काटा नसतो, त्यामुळे गॅस गळला आहे की नाही हे वजन करूनच समजते. मी केबिनमध्ये तो ठेवणार नाही.

इंजिन बंद कप्प्यात असेल, तर त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. धूर दिसताच झाकण उघडून पाहण्याचा मोह होतो, पण झाकण उघडताच आत ताजी हवा जाते आणि कोंडलेली आग भडकते. म्हणून कप्प्याच्या भिंतीत सिलिंडरचे नोझल बसेल एवढे, झडप असलेले छिद्र करून घ्यावे आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड किंवा क्लीन एजंट (मागे काही न ठेवता आग विझवणारा दुसरा वायू) सोडावे. त्याचे प्रमाण कप्प्याच्या घनफळावरून विक्रेत्याकडून हिशेब करून घ्यावे. आधी इंजिन आणि पंखा बंद करणे आवश्यक आहे, नाहीतर चालू डिझेल इंजिन सोडलेला वायू स्वतःच ओढून घेते. आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरच्या बाजूला लावलेले इंजिन, असलेल्या उघड्या बोटीला यातले काही लागत नाही.

वजनाचा प्रश्न आता येतो. गाडीत ठेवायचे अर्ध्या किलोचे डबे बोटीसाठी मी मोजतच नाही. एक किलोचे सिलिंडर साधारण आठ-दहा सेकंदांत रिकामे होते, आणि हलत्या डेकवर त्यातले पहिले दोन-तीन सेकंद नेम धरण्यातच जातात. पाच-सहा मीटरच्या उघड्या बोटीत दोन किलोचे एक, आणि केबिन असलेल्या बोटीत तसली किमान दोन असावीत. सोसायटीच्या लिफ्टजवळ असते तसले सहा किलोचे एकच सिलिंडर घेण्यापेक्षा घरातल्या कोणालाही एका हाताने उचलता येतील अशी दोन केव्हाही बरी. भाड्याने चालवायची किंवा नोंदणी करायची बोट असेल, तर सर्वेक्षणात किती आणि कोणती सिलिंडरे मागतात ते महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आधी विचारून घ्यावे.

जागा ठरवताना दुसरा प्रश्न आठवावा. सिलिंडर आगीच्या संभाव्य जागेपाशी नव्हे, तर तिथून बाहेर पडण्याच्या वाटेवर असावे: शेगडीच्या वर नव्हे, तर केबिनच्या दाराशी; इंजिनच्या कप्प्यात नव्हे, तर सुकाणूच्या हाताशी. ते घट्ट ब्रॅकेटमध्ये बसवावे. साध्या लोखंडी क्लिपा एका हंगामातच गंजून अडकतात, म्हणून ब्रॅकेट आणि स्क्रू दोन्ही स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

खरेदी करताना आयएसआय चिन्ह, आयएस १५६८३ हा क्रमांक, उत्पादनाची तारीख, हिरव्या पट्ट्यातला काटा आणि न तुटलेले सील एवढे पाहून घ्यावे, आणि रिफिल कोण करून देणार हे पावती घेण्याआधीच विचारावे. त्यानंतर महिन्यातून एकदा काटा पाहावा, नोझलमध्ये किड्याने घर केले आहे का ते तपासावे आणि पावडरचे सिलिंडर उलटे धरून हलवावे, कारण इंजिनच्या थरथरीने पावडर तळाशी घट्ट बसते. पावसाळ्याआधी बोट वर काढून शाकारताना सिलिंडर घरी न्यावे. चार महिने ताडपत्रीखाली राहिलेला व्हॉल्व्ह ऑक्टोबरमध्ये भरवशाचा राहत नाही.

आग लागलीच तर प्रथम इंधनाचा कॉक आणि बॅटरीचा स्विच बंद करावा, सर्वांना लाइफ जॅकेट घालायला सांगावे, आणि आग मागच्या बाजूला असेल तर बोटीचे नाक वाऱ्याकडे करावे, म्हणजे ज्वाळा माणसांपासून दूर जातात. फवारा ज्वाळेच्या टोकावर नव्हे तर बुडाशी मारावा. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने व्हीएचएफ या सागरी रेडिओच्या १६ व्या चॅनेलवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावे. सिलिंडर रिफिलला द्यायचे असेल तेव्हा ते भरलेले देऊ नये. किनाऱ्यावर मोकळ्या जागेत, बोटीवर नेहमी येणाऱ्यांपैकी ज्याने ते कधीच हाताळलेले नाही त्याच्याच हातून रिकामे करून घ्यावे, म्हणजे त्याचा सराव होतो.