मासे आणण्यापूर्वी फिशटँकचे ‘सायकलिंग’ कसे करावे

जुळे सोलापुरातील घरी मी पहिली टाकी मांडली, तेव्हा ‘दोन दिवस पाणी मुरू द्या आणि मासे सोडा’ असा सल्ला मला दुकानात मिळाला होता. त्याप्रमाणे सोडलेले सहा गोल्डफिश नवव्या दिवसापर्यंत एकामागोमाग एक गेले. पाणी मात्र शेवटपर्यंत काचेसारखे स्वच्छ दिसत होते. दोन दिवस उघडे ठेवलेल्या पाण्यातून क्लोरिन निघून जातो, एवढेच त्या मुरवण्याने साधते. माशांना मारणारा अमोनिया त्यानंतर, माशांच्याच श्वसनातून आणि विष्ठेतून, तयार होऊ लागतो.

या अमोनियाचे एका प्रकारचे जिवाणू नायट्राइटमध्ये रूपांतर करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटपासून बऱ्याच अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट बनवतात. नायट्राइटही विषारीच असते, कारण त्यामुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. हे दोन्ही जिवाणू पाण्यात तरंगत राहण्याऐवजी फिल्टरचा स्पंज, खडी आणि काच यांना चिकटून वाढतात, आणि अतिशय सावकाश वाढतात. म्हणूनच मासे आणण्याआधी त्यांची वसाहत उभी करायला, म्हणजेच टाकीचे ‘सायकलिंग’ करायला, साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात.

टाकी प्रथम पश्चिमेच्या भिंतीपासून आणि थेट उन्हापासून दूर मांडावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि पाणी जितके तापते तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. या जिवाणूंना तर प्राणवायू भरपूर लागतो. त्यामुळे फिल्टर आणि एअर पंप चोवीस तास चालू ठेवावेत. वीज जाण्याचा त्रास असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेऊन ठेवावा. हिवाळ्यात पाणी थंड पडले की जिवाणूंचे काम मंदावते, तेव्हा हीटर २७ अंशांवर लावावा.

पाण्याच्या बाबतीत आपल्याकडे एक सोय आपोआप होते. नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येत असल्यामुळे बहुतेक घरांत ते हौदात किंवा पिंपात साठवलेले असते, आणि उघड्या पिंपात दोन-तीन दिवस राहिलेल्या पाण्यातील क्लोरिन बहुतांशी उडून गेलेला असतो. झाकण घट्ट असलेल्या टाकीतील किंवा नळाचे ताजे पाणी वापरायचे असल्यास मात्र दुकानात मिळणारे क्लोरिन घालवण्याचे औषध आधी घालावे. बोअरचे पाणी जड असते, ते अनेकांना अयोग्य वाटते आणि मग कौतुकाने आरओचे पाणी भरले जाते. ही चूक कृपया करू नये. अमोनियाचे रूपांतर होताना पाण्यातील क्षारता, म्हणजे आम्ल शोषून घेण्याची पाण्याची क्षमता, खर्च होते. आरओच्या पाण्यात ती जवळजवळ नसतेच, त्यामुळे पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे ते दाखवणारा आकडा) घसरतो आणि जिवाणूंचे काम अडून बसते. जड पाण्यात हा धोका कमी असतो. मात्र त्याचा पीएच जास्त असेल तर तेवढाच अमोनिया माशांना अधिक घातक ठरतो: पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट होतो.

आता जिवाणूंना खाद्य द्यायचे. त्यासाठी शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे प्रयोगशाळेच्या दर्जाचा नवसागर, रसायनांच्या दुकानातून आणावा. कल्हईसाठी विकला जाणारा नवसागर शुद्ध असेलच असे नाही, म्हणून तो टाळावा. १० ग्रॅम नवसागर १ लिटर पाण्यात विरघळवून बाटलीवर ठळक नाव लिहावे आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत खडी घातल्यावर सुमारे ५० लिटर पाणी मावते; तेवढ्या पाण्यात या द्रावणाचे ३० मिलिलिटर घातले की अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या) आसपास येतो. नवसागर न मिळाल्यास माशांच्या खाद्याची चिमूट रोज टाकून कुजू देता येते, पण त्यात मोजमाप राहत नाही.

ओळखीच्या कोणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. सायकलिंग लवकर होण्यासाठी याइतका खात्रीचा उपाय मला दुसरा माहीत नाही.

पुढे थेंबांचे टेस्ट किट वापरून दर दोन-तीन दिवसांनी तपासणी करावी आणि आकडे वहीत लिहावेत. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ झाले तर घाबरून ते बदलू नये. तो गढूळपणा आपोआप निवळतो. अमोनिया उतरू लागला की नायट्राइट चढते आणि पुष्कळदा दोन-तीन आठवडे हलतच नाही. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो, म्हणून वही उपयोगी पडते. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढाच डोस द्यावा, मात्र नायट्राइट फारच चढले असेल तर तो निम्मा करावा.

२ पीपीएमचा डोस दिल्यावर चोवीस तासांच्या आत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले आणि नायट्रेट दिसू लागले, की टाकी तयार झाली. सलग दोनदा असा निकाल आल्यावरच तीन-चतुर्थांश पाणी बदलून साठलेले नायट्रेट कमी करावे आणि दुसऱ्याच दिवशी मासे आणावेत. काही कारणाने उशीर झाला तर जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून थोडा डोस चालू ठेवावा. सुरुवात चार-पाच लहान माशांनी करावी. जड पाण्यात गप्पी किंवा मोली चांगले रुळतात. पहिला आठवडा रोज तपासणी करावी, आणि स्पंज धुण्याची वेळ आली तर तो नळाखाली न धरता टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळावा.