कर्बल स्पेस प्रोग्राम: मॉड आणि नियोजनाची साधने वापरताना या चुका टाळा

'कर्बल स्पेस प्रोग्राम' हा रॉकेट बांधून ती काल्पनिक सूर्यमालेत उडवण्याचा संगणकावरचा खेळ मेक्सिकोतील स्क्वाड कंपनीने २०११ मध्ये प्रथम लोकांसमोर आणला, २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि जानेवारी २०२३ मधील १.१२.५ या आवृत्तीनंतर मूळ खेळ स्थिरावला. पूर्वी प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर अनेक मॉड, म्हणजे खेळात बाहेरून घातलेल्या जोडण्या, बंद पडत असत. ती डोकेदुखी आता जवळजवळ संपली आहे. तरीही यान ड्यूना या ग्रहाऐवजी रिकाम्या अवकाशात पोहोचणे, प्रक्षेपणाच्या मध्यावरच इंधन संपणे किंवा खेळ सुरूच न होणे या तक्रारी कायम आहेत. माझ्या अनुभवानुसार अशा बहुतेक प्रसंगी साधनाने दिलेला आकडा बरोबरच असतो. मात्र ज्या घड्याळाप्रमाणे, ज्या ग्रहासाठी आणि ज्या परिस्थितीसाठी तो काढलेला असतो, ती परिस्थिती आपल्या खेळातली नसते. मॉडच्या बाबतीतही हेच घडते, कारण प्रत्येक मॉड आपल्या आजूबाजूला काय असणार हे गृहीत धरून लिहिलेला असतो.

मूळ प्रतीतच मॉड भरणे

पहिली चूक खेळ सुरू होण्याआधीच होते. स्टीम या ऑनलाइन दुकानातून उतरवलेल्या खेळाच्या मूळ फोल्डरातच अनेकजण मॉड टाकू लागतात आणि बिघाड झाला की सगळे पुसून पुन्हा उतरवण्याची वेळ येते. या खेळाचा संपूर्ण फोल्डर दुसरीकडे नकलून तिथूनही तो चालवता येतो. म्हणून एक प्रत पूर्णपणे कोरी ठेवावी आणि प्रत्येक मोठ्या मॉड-संचासाठी वेगळी नक्कल करावी. विंडोजवर ही नक्कल 'प्रोग्राम फाइल्स'च्या बाहेर ठेवलेली बरी, कारण तिथे फाइल लिहिण्याची परवानगी नसल्यामुळे मॉडची सेटिंग्ज जतन होत नाहीत आणि दोष मॉडच्या माथी जातो.

हाताने मॉड टाकताना झिप फाइलच्या आत 'गेमडेटा' नावाचा फोल्डर आहे की थेट मॉडचा फोल्डर आहे, हे आधी पाहावे. 'गेमडेटा'च्या आत आणखी एक 'गेमडेटा' तयार झाला, की एखाद्या मॉडचे भाग दिसतात पण त्यांचे पोत (पृष्ठभागावरची चित्रे) दिसत नाहीत, किंवा त्याची खिडकी उघडतच नाही, कारण मॉड आपल्या फाइली एका ठरलेल्या मार्गावर शोधत असतो.

सीकॅनवर सोपवूनही हाताने ढवळाढवळ करणे

सीकॅन हा मॉड-व्यवस्थापक अवलंबून असलेले इतर मॉड आपोआप आणतो आणि परस्परविरोधी मॉड एकत्र बसू देत नाही, म्हणून नवख्यांनी तोच वापरावा असे मी आग्रहाने सांगेन. मात्र हाताने टाकलेला मॉड सीकॅनला फक्त दिसतो. तो त्याला अद्ययावत करत नाही किंवा काढतही नाही. निम्मे मॉड हाताने आणि निम्मे सीकॅनने, अशी सरमिसळ झाली की कोणत्या मॉडची कोणती आवृत्ती कुठून आली, हे काही महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही.

मॉड बसवताना सीकॅन शिफारस केलेल्या इतर मॉडची यादी दाखवतो आणि त्यांवर आधीच खुणा केलेल्या असतात. न वाचता पुढे गेल्यास मागितलेल्या पाच मॉडबरोबर आणखी वीस येतात, आणि हा खेळ सगळे भाग व पोत सुरुवातीलाच स्मृतीत भरत असल्यामुळे आठ जीबी रॅमचा संगणक तिथेच दमतो. याच्या उलट अडचणही येते. १.११ साठी नोंदवलेला एखादा चांगला मॉड यादीत दिसतच नाही, कारण सीकॅनच्या सेटिंगमध्ये सुसंगत आवृत्त्या म्हणून फक्त १.१२ निवडलेली असते. भाग पुरवणारे जुने मॉड १.८ पासूनच्या आवृत्त्यांसाठी लिहिलेले असले तरी सहसा चालतात, त्यामुळे त्या आवृत्त्यांवर खूण करण्यास हरकत नाही. कोपर्निकससारखे ग्रहरचना बदलणारे मॉड मात्र खेळाच्या नेमक्या आवृत्तीशी बांधलेले असतात आणि तिथे ही सवलत घेऊ नये.

मॉड्यूल मॅनेजरच्या पॅचमधील एक शब्द

स्वतः पॅच, म्हणजे खेळातल्या भागांची माहिती बदलणाऱ्या छोट्या फाइली, लिहू लागलेल्यांची एक चूक वेगळी सांगितली पाहिजे, कारण तिचे परिणाम भलत्याच ठिकाणी उमटतात. असे पॅच लागू करणाऱ्या मॉड्यूल मॅनेजर या मॉडमध्ये 'फॉर' या निर्देशाबरोबर एखाद्या मॉडचे नाव लिहिले, की तो मॉड बसवलेला आहे असे मॉड्यूल मॅनेजर धरून चालतो. 'रिअ‍ॅलिझम ओव्हरहॉल' या, खेळ वास्तवाच्या जवळ नेणाऱ्या, मॉडसाठी काहीतरी करायचे आहे म्हणून कोणी आपल्या पॅचमध्ये त्याचे नाव 'फॉर'ला जोडले, तर तो मॉड प्रत्यक्षात नसतानाही इतर सगळ्या मॉडमधील त्याच्यावर अवलंबून असलेले बदल लागू होतात आणि साध्या इंजिनांची वजने व इंधने एकाएकी बदललेली दिसतात. 'फॉर'पुढे फक्त स्वतःच्या मॉडचे नाव यावे. दुसऱ्याच्या मॉडनंतर बदल करायचा असेल तर 'आफ्टर' आणि तो मॉड असेल तरच करायचा असेल तर 'नीड्स' वापरावे.

सहा तासांचा दिवस

आता नियोजनाकडे वळू. खेळ जिथून सुरू होतो त्या कर्बिन ग्रहाचा दिवस सहा तासांचा आणि वर्ष ४२६ दिवसांचे असते, म्हणजे कर्बिनचे पूर्ण वर्ष पृथ्वीच्या साधारण साडेएकशेसहा दिवसांत संपते. खेळाच्या सेटिंगमध्ये वेळ कर्बिनच्या घड्याळाने दाखवावी की पृथ्वीच्या, हे निवडता येते आणि प्रस्थानाची वेळ काढून देणाऱ्या साधनांतही तोच पर्याय असतो. दोन्हीकडे वेगवेगळी निवड असेल तर सगळे नियोजन कोलमडते. साधनाने पृथ्वीच्या घड्याळाने पहिल्या वर्षाचा १८० वा दिवस दिला आणि खेळाडूने कर्बिनच्या १८० व्या दिवशी यान सोडले, तर ते खऱ्या मुहूर्ताच्या एका वर्षाहूनही आधी निघते, कारण पृथ्वीचा तो दिवस कर्बिनच्या दुसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात येतो.

ही चूक ओळखण्यासाठी ग्रहांमधला कोन तपासावा. ड्यूनाकडे कमी खर्चात जायचे असेल तर प्रस्थानाच्या वेळी ड्यूना कर्बिनच्या सुमारे ४४ अंश पुढे असावा लागतो. नकाशावर ड्यूना मागे किंवा सूर्याच्या पलीकडे दिसत असेल, तर तारीख कितीही अचूक वाटली तरी घड्याळ चुकले आहे. अशी संधी सुमारे ९०९ कर्बिन-दिवसांनी, म्हणजे दोन वर्षांहून थोड्या अधिक काळाने पुन्हा येते, म्हणून १.१२ मध्ये मूळ खेळातच आलेल्या गजरात किंवा 'कर्बल अलार्म क्लॉक'मध्ये गजर लावताना तो काही दिवस आधीचा लावावा. वेळ पुढे पळवताना संधी निसटली, तर जीवनरक्षक मॉड वापरणाऱ्याच्या यानातले अन्न-पाणी तेवढ्या काळात संपून जाते.

डेल्टा-व्ही कुठला, समुद्रसपाटीचा की निर्वाताचा

रॉकेटशास्त्रात त्सिओल्कोव्स्कीच्या समीकरणानुसार डेल्टा-व्ही, म्हणजे यान आपल्या वेगात एकूण किती बदल करू शकते तो आकडा, इंजिनाच्या विशिष्ट आवेगावर (इंधन किती कार्यक्षमतेने वापरले जाते त्याच्या मापावर) आणि इंधनासह व इंधनाविना असलेल्या वस्तुमानांच्या गुणोत्तरावर ठरतो. हा विशिष्ट आवेग हवेच्या दाबाबरोबर बदलतो आणि नवे खेळाडू नेमके हेच विसरतात. 'टेरिअर' इंजिनाचा विशिष्ट आवेग निर्वातात ३४५ सेकंद, तर कर्बिनच्या समुद्रसपाटीवर केवळ ८५ सेकंद असतो. टाकी भरलेली असताना यान रिकाम्या यानाच्या दुप्पट जड असेल, तर हेच इंजिन निर्वातात सुमारे २,३४५ मीटर प्रतिसेकंद देईल आणि समुद्रसपाटीवर ५८० सुद्धा देणार नाही. १.६ पासून मूळ खेळात असलेल्या डेल्टा-व्ही फलकात, तसेच 'कर्बल इंजिनिअर' आणि 'मेकजेब' या मॉडमध्येही, ग्रह आणि वातावरण निवडता येते. प्रक्षेपणाचा टप्पा वातावरणाच्या आकड्याने आणि वरचे टप्पे निर्वाताच्या आकड्याने तपासावेत.

कर्बिनच्या खालच्या कक्षेपर्यंत जाण्यास सुमारे ३,४०० मीटर प्रतिसेकंद लागतात, हा सर्वत्र सांगितला जाणारा आकडा सुबक आकाराच्या रॉकेटसाठी आहे. रुंद, बोथट टोकाच्या यानाला त्याहून जास्त लागतात. टप्प्यांचा क्रम चुकला असेल, उदाहरणार्थ विलगक आणि त्याच्या वरचे इंजिन यांची अदलाबदल झाली असेल, तर फलकावरचा आकडा त्या चुकीच्या क्रमाचाच असतो. एखाद्या टप्प्यासमोर शून्य दिसले तर मॉडला दोष देण्याआधी क्रम पाहावा.

क्षणार्धात होणारा बर्न अस्तित्वात नसतो

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी चूक ही आहे आणि ती बऱ्यापैकी अनुभवी खेळाडूही करतात. मॅन्युव्हर नोड (बर्न, म्हणजे इंजिन चालवणे, कुठे आणि किती करायचे हे ठरवणारी नकाशावरची खूण) आणि प्रस्थानाची वेळ काढून देणारे बहुतेक साधे नियोजक वेगातला सारा बदल एका क्षणात झाला असे धरून पुढचा मार्ग काढतात. शक्तिशाली इंजिन असेल तर हे गृहीतक पुरेसे खरे ठरते, पण 'नर्व्ह' या अणुइंजिनाचा जोर केवळ ६० किलोन्यूटन असतो. ४० टनांच्या यानाला ते एकच इंजिन लावून १०० किलोमीटर उंचीच्या कक्षेतून ड्यूनाकडे निघायचे असेल, तर लागणाऱ्या सुमारे १,०६० मीटर प्रतिसेकंदांसाठी ते जवळजवळ ११ मिनिटे चालवावे लागते. त्या कक्षेची पूर्ण फेरी साडेबत्तीस मिनिटांची असल्यामुळे बर्न होत असताना यान कर्बिनभोवती सुमारे १२० अंश फिरते. बर्नच्या सुरुवातीला आणि शेवटी जोर इच्छित दिशेपासून खूपच ढळलेला असतो, बरेच इंधन वाया जाते आणि ठरवलेली वाट हुकते.

यावरचा उपाय मराठी वाचकांना बातम्यांतून परिचित आहे. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी पीएसएलव्ही-सी२५ ने श्रीहरिकोटा येथून मंगळयान सोडले, तेव्हा यानावरचे मुख्य इंजिन ४४० न्यूटनचे होते. इस्रोने ७ ते १६ नोव्हेंबर या काळात पृथ्वीच्या निकटतम बिंदूपाशी पुन्हा पुन्हा इंजिन चालवून कक्षा लांबवत नेली. ११ नोव्हेंबरचा बर्न अपेक्षेपेक्षा कमी पडला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी पूरक बर्न केला, आणि १ डिसेंबरला सुमारे २२ मिनिटांच्या शेवटच्या बर्नने यान मंगळाच्या वाटेला लागले. खेळातही असेच करावे. वर सांगितलेल्या यानाने एकूण सुमारे ८१० मीटर प्रतिसेकंदांचे दोन-तीन छोटे बर्न कक्षेच्या त्याच बिंदूपाशी केले, तर कक्षेचे दूरचे टोक सुमारे ८,००० किलोमीटरवर जाते, आणि उरलेले सुमारे २५० मीटर प्रतिसेकंद शेवटी अडीच मिनिटांत मिळतात. दूरचे टोक कर्बिनचा उपग्रह मुन याच्या प्रभावक्षेत्राच्या (जिथे त्याचे गुरुत्वाकर्षण वरचढ ठरते त्या भागाच्या) अलीकडेच ठेवण्याची काळजी घ्यावी, नाहीतर मुन कक्षेला भलतेच वळण देतो. या लांबलेल्या कक्षेची एक फेरी नऊ तासांहून अधिक, म्हणजे साधारण दीड कर्बिन-दिवसाची असते. त्यामुळे छोटे बर्न नियोजित तारखेच्या तेवढे आधी सुरू करावे लागतात. तारखेच्या दिवशी पहिला बर्न करणाऱ्याला हा उपाय साधत नाही.

दुसऱ्या सूर्यमालेचे गणित

मूळ सूर्यमालेसाठी केलेले तक्ते खरी सूर्यमाला आणणाऱ्या रिअल सोलर सिस्टिमसारख्या मॉडबरोबर वापरू नयेत. तिथे पृथ्वीच्या खालच्या कक्षेलाच ९,००० मीटर प्रतिसेकंदांहून अधिक लागतात. खेळाच्या आत चालणारा 'ट्रान्सफर विंडो प्लॅनर' ग्रहांची माहिती खेळातूनच घेतो, म्हणून बदललेल्या सूर्यमालेसाठी तो अधिक सोयीचा आहे. ग्रहांचे मॉड चालू मोहिमेत बदलू नयेत, कारण कक्षेतली याने जुन्या ग्रहांच्या हिशोबाने नोंदलेली असतात.

'प्रिन्सिपिया' हा मॉड सर्व गोलांचे गुरुत्वाकर्षण एकाच वेळी विचारात घेतो. त्या गणितात जूल या ग्रहाच्या उपग्रहांची मूळ रचना टिकत नाही, म्हणून तो मॉड ती बदलून घेतो. त्याच्यासह खेळताना नेहमीच्या नोडवर आधारलेली साधने बाजूला ठेवून त्याचाच उड्डाण-आराखडा शिकावा. 'ट्रॅजेक्टरीज' हा मॉड उतरण्याचे ठिकाण सांगताना यान कोणत्या कोनात वातावरणात शिरेल हे विचारतो; कुपी उष्मा-ढाल पुढे करून शिरणार असेल आणि त्या जागी दुसरीच दिशा निवडलेली असेल, तर ठिकाण चुकणारच.

इमारती आणि तंत्रज्ञान टप्प्याटप्प्याने मिळवावे लागणाऱ्या करिअर प्रकारात नोड तयारच होत नसतील, तर तो मॉडचा बिघाड असेलच असे नाही. ट्रॅकिंग स्टेशन आणि मिशन कंट्रोल यांची पातळी वाढवेपर्यंत ही सोय बंदच असते आणि 'मेकजेब'ची कामेही तंत्रज्ञानाच्या टप्प्यांनुसार खुली होतात.

बिघाड शोधताना

खेळ सुरू होताना एखाद्या भागावर अडकला, तर मुख्य फोल्डरातील केएसपी नावाची लॉग फाइल उघडून तिच्या शेवटच्या ओळी पाहाव्यात. शेवटी ज्या भागाचे नाव असते, त्याच्याच मॉडपाशी शोध सुरू करावा. खेळ सुरू होऊन मग बिघडत असेल, तर त्याच फाइलमधली पहिली 'एक्सेप्शन' (त्रुटीची नोंद) ओळ शोधावी. पुढच्या शेकडो ओळी बहुधा तिचेच पडसाद असतात, आणि मदत मागणारे बरेचजण नेमकी शेवटची ओळ पाठवतात.

लॉगमधून उलगडा झाला नाही तर निम्मे मॉड काढून पाहावे, बिघाड राहिला तर उरलेल्यांचे पुन्हा निम्मे करावे. चाळीस मॉडमधला एक दोषी अशा रीतीने साधारण सहा फेऱ्यांत सापडतो. 'स्क्वाड' आणि 'स्क्वाड एक्सपान्शन' हे मूळ खेळाचे फोल्डर व मॉड्यूल मॅनेजर या वाटणीत काढू नयेत. हा प्रयोग सुरू असताना आपली खरी मोहीम मात्र उघडू नये. ज्या यानांचे भाग त्या क्षणी खेळात नसतात ती याने खेळ उतरवू शकत नाही, आणि तशा अवस्थेत मोहीम जतन झाली तर ती कायमची गमावण्याची भीती असते. 'सेव्हज' फोल्डरातील आपल्या मोहिमेचा फोल्डर आधी दुसरीकडे नकलून ठेवावा आणि चाचणीसाठी नवी, रिकामी सँडबॉक्स (सगळे भाग सुरुवातीपासून खुले असलेली) मोहीम सुरू करावी. दोषी मॉड सापडला की त्याची आवृत्ती तपासावी, तो अवलंबून असलेले मॉड पूर्ण आहेत का पाहावे, आणि सगळे मॉड परत जागेवर आल्याची खात्री झाल्यावरच जुनी मोहीम उघडावी.